सुपाऱ्यांना दाखवलेला समुद्र

आमच्या दाराच्या चौकटीला, आतल्या बाजूने, हात वर केला की लागेल इतक्या उंचीवर एक लांब खिळा होता. लालबागच्या त्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या जास्तीच्या चाव्या त्या खिळ्यावर असायच्या. कुणी गावाला गेलं, कुणी हॉस्पिटलात गेलं, कुणी नुसतं दादरला खरेदीला गेलं तरी जाताना आईच्या हातात चावी ठेवून जायचं. आईने त्यातली एकही चावी कधी हरवली नाही आणि कुणाच्या घरात काय पाहिलं हे कधी बोलून दाखवलं नाही. तिच्याकडे दागिने नव्हते, शिक्षण सातवीपर्यंतचं, नवरा मी दहावीत असताना गेलेला. मसाल्याच्या दुकानात मोठ्या कढईसमोर उभं राहून ती गिऱ्हाइकांच्या मिरच्या आणि धणे भाजून द्यायची. चाळीत तिला जो काही मान होता तो त्या खिळ्यावर लटकलेला होता. तो मी घालवला. कसा घालवला ते सांगते, आणि स्वतःला सांभाळून घेत सांगणार नाही.

मी एडिंबराला शिकायला होते. ऑगस्टमध्ये शेवटचा प्रबंध द्यायचा आणि परत यायचं, असं ठरलेलं. त्याआधी दहा दिवस आईला तिकडे बोलवावं ही कल्पना माझीच. मुलीने आईला परदेश दाखवला, हे गॅलरीत चारचौघींच्या तोंडून ऐकायला मला आवडलं असतं. विमानात बसली की आई थोडी वेगळी होईल, थोडी माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांसारखी होईल, असं मला का वाटलं होतं कोण जाणे. ती आली ती आईच होऊन आली. शिवाय एकटी आली नाही, बरोबर सात बायका घेऊन आली.

आपल्यात पूजेला जोडीदार हजर नसेल तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात. बायको गेलेला बाप मुलीचं कन्यादान करायला बसतो तेव्हा कमरेला सुपारी खोचतो आणि सगळे धरून चालतात की तीही बसली आहे. शेजारच्या काकीने हा नियम स्कॉटलंडला लावला.

काकीची खोली आमच्या खोलीला लागून होती. आई कामावर जायची तेव्हा मला तिनेच वाढवलं. माझ्या वेण्या, माझे पाढे, दुपारची पेज, सगळं तिच्या ओट्यापाशी झालं. मालवणकडून लग्न होऊन आली त्याला चाळीस वर्षं उलटली तरी तिने मालवणी सोडली नव्हती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पाच वर्षं ती जिना उतरली नव्हती. तिची सख्खी बहीण ठाकूरद्वारला राहायची, तिच्याकडे जाणंही पाच वर्षं बंद. तिला ठाकूरद्वार काय आणि एडिंबरा काय, दोन्ही सारखीच लांब. आई निघायच्या आदल्या दिवशी काकीने देव्हाऱ्यातली एक सुपारी काढली, तिला लाल दोरा गुंडाळला आणि आईच्या तळहातावर ठेवली.

“ही मी,” ती म्हणाली. “माका फिरवून हाड.”

मला फिरवून आण. बाकीच्या बायका आधी हसल्या, मग हसता हसता त्यांतल्या सहा जणींनी आपापली सुपारी आणून दिली. कुणी पिवळा दोरा बांधला, कुणी हिरवा, एकीने मुलीच्या केसांचं रबर गुंडाळलं. अट एकच होती. आल्यावर प्रत्येकीची सुपारी जिची तिच्या हातात परत द्यायची. गेलेलं माणूस घरी आलं पाहिजे.

विमानतळावर आई बाहेर आली, मला पाहिलं, आणि मला जवळ घ्यायच्या आधी तिने कमरेचा खणाचा बटवा चाचपला. मग तिने मला सगळी हकिगत सांगितली. त्या दिवशी मलाही गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी किल्ला बघायला गेलो. तटावर एक रुंद दगडी कठडा आहे, तिथून सगळं शहर दिसतं. आईने कठडा पदराने पुसला, बटवा सोडला आणि सातही सुपाऱ्या शहराकडे तोंड करून ओळीत मांडल्या. सुपारीला तोंड कुठलं, पण तिने ते ठरवलं होतं. “बघा गं,” ती हळूच म्हणाली, “केवढा मोठा किल्ला आहे.” तिथे दुपारी एक वाजता तोफ उडवतात. लोक कानांवर हात ठेवून उभे होते. तोफ उडायच्या आधी आईने लाल दोऱ्याची सुपारी उचलून मुठीत धरली. काकीला मोठा आवाज सोसत नाही, असं तिचं म्हणणं.

मी तोवर दहा पावलं लांब जाऊन उभी राहिले होते.

खरं सांगायचं तर त्या गर्दीत आईकडे बघायला कुणालाही वेळ नव्हता. ऑगस्टमध्ये त्या शहरात मोठा उत्सव असतो. रस्त्यावर पेटते पलिते झेलणारे, अंगाला चांदीचा रंग फासून पुतळ्यासारखे उभे राहणारे, घागरा घालून काखेतली पिशवी दाबत पिपाण्या वाजवणारे पुरुष. या सगळ्यांत सुपाऱ्यांना किल्ला दाखवणारी एक नऊवारी सोडून सहावारीवर आलेली, मोज्यांवर चपला घातलेली बाई कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखी नव्हती. लाज एकट्या मला वाटत होती. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने थांबून मला विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, खेळ आहे एक. आईने विचारलं, काय म्हणत होती ती. मी म्हटलं, रस्ता विचारत होती.

पुढचे चार दिवस असेच गेले. संग्रहालय, टेकडी, राणीचा वाडा. प्रत्येक ठिकाणी बटवा उघडायचा, सुपाऱ्या मांडायच्या, दोन मिनिटं थांबायचं, मोजून आत ठेवायच्या. मला एकटीला बघायला लागलं असतं तर मी तेही निभावलं असतं. पण माझ्या वर्गात पुण्याची एक मुलगी होती आणि तिचेही आईवडील त्याच आठवड्यात आले होते. वडील बँकेतून निवृत्त, आई शाळेत मुख्याध्यापिका. स्वच्छ मराठी, स्वच्छ बूट, दिवसाचा कार्यक्रम छापून आणलेला. त्या मुलीला मी गेलं वर्षभर माझं घर परळला आहे एवढंच सांगितलं होतं. त्या मुलीनेच सुचवलं, आपण सगळे मिळून समुद्रावर जाऊ.

पोर्टोबेलो म्हणून शहराच्या टोकाला किनारा आहे, बसने जाता येतं. वाळूच्या कडेने लांबच लांब बुटका कठडा. आम्ही तिथे पोचलो आणि आईने बटवा काढला. मी डोळ्यांनी खुणावलं, तिला कळलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, “त्यात काय आहे हो?” आणि आईने सांगितलं. काहीही न लपवता, काकीच्या गुडघ्यांपासून केसांच्या रबरापर्यंत सगळं सांगितलं.

“अय्या, पण त्यांना दिसतं का?” बाई म्हणाल्या.

“आता दिसतं का ते मला काय माहीत, ताई,” आई म्हणाली. “पण मी बघते ना? मग त्यांनी काय घोडं मारलंय?”

निवृत्त काका म्हणाले, “मुंबईत सुपारी दिली म्हटलं की आम्ही पुण्याची माणसं घाबरतो बरं का.” आईही हसली. तिला त्यात टोचण्यासारखं काही वाटलं नाही. मला वाटलं. आणि ते आणखी काही बोलायच्या आत मीच बोलले.

“आमच्याकडे असंच असतं, काका. घरबसल्या सगळं फुकट हवं. पुढच्या वेळी तर सुपाऱ्यांना खिडकीची जागा मागतील. काय ती अडाणी माणसं.”

सगळे हसले. सगळ्यात जास्त वेळ आई हसली, माझ्याकडे बघत, मी काहीतरी चांगलं बोलले असेन अशा खात्रीने. तिने मला कधी उण्या शब्दाने दुखवलं नव्हतं, तेव्हा मी तिला दुखवते आहे हे तिच्या ध्यानात यायला उशीर लागला. हसता हसता ती मधेच थांबली आणि सुपाऱ्या सरळ करू लागली.

काकांनी फोन काढला. “थांबा, ह्यांचा एक फोटो काढू. हं, आता सगळ्यांनी हसा,” असं ते सुपाऱ्यांना म्हणाले. परत येताना बसमध्ये मी त्यांच्या मागे बसले होते. नवराबायको फोनवर डोकी जोडून काहीतरी बघत होते आणि दोघांचे खांदे गदगदत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबरच मोठ्या बसने तळी आणि डोंगर बघायला जायचं ठरलेलं होतं, अख्खा दिवस. प्रत्येक तळ्यापाशी बटवा उघडणार, हे मला दिसत होतं. बसमध्येच माझं ठरलं.

त्या संध्याकाळी आई अंघोळीला गेली. बटवा तिच्या उशीखाली होता. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याची पिशवी भरली होती, ती मी बांधली, दुसऱ्या हातात बटवा घेतला आणि मागच्या जिन्याने खाली गेले. इमारतीमागे माणसाच्या छातीला लागतील असे कचऱ्याचे डबे असतात. झाकण उचललं, पिशवी टाकली, मग बटवा टाकला. तो पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मला वाईट वाटलं, असं लिहायचा मोह होतो. मला हलकं वाटलं होतं.

आई ओले केस पुसत आली आणि उशी उचलली. मग चादर, मग पिशव्या, मग पलंगाखाली वाकून पाहिलं.

“अगं, बटवा?”

“कठड्यावर विसरलीस तू,” मी म्हटलं. “फोटो काढून झाला आणि तशीच उठलीस.”

“नाय गं. मी खोचला ना कमरेला.”

“खोचलास तर कुठे आहे मग?”

तिथे मी थांबायला हवं होतं, पण ती अजून उशीकडे बघत होती, तेव्हा मी पुढचंही बोलले. “हल्ली तुझ्या काही लक्षातच राहत नाही आई. परवा गॅससुद्धा चालू ठेवला होतास.” गॅस मी चालू ठेवला होता. तिने तो बंद केला होता आणि मला बोलली नव्हती.

“मी ठेवला होता?” आईने विचारलं. मी मान हलवली. ती पलंगाच्या कडेला बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली.

सकाळी सात वाजता मागच्या बाजूला कचऱ्याची गाडी आली. डबे उचलून उपडे केल्याचा आवाज मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकला. आई म्हणाली, तू जा त्यांच्याबरोबर, माझं डोकं दुखतंय. मी गेले. तळी सुंदर होती. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा विचारलं, “आणि तुझ्या आईच्या मैत्रिणी नाही आल्या?” आणि मी दोन्ही वेळा हसले.

संध्याकाळी परत आले तर खोलीत आई नव्हती. कुठे असेल हे मला लगेच कळलं. पोर्टोबेलोला पोचले तेव्हा अजून उजेड होता. त्या कठड्याखाली वाळूत आई उकिडवी बसली होती आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणाने वाळू उकरून बघत होती. बसचा नंबर तिने लक्षात ठेवला होता आणि एक अक्षर इंग्रजी येत नसताना सकाळपासून ती तिथे होती. कठड्याच्या कडेने वाळूचे छोटे छोटे ढीग लांबवर गेले होते. पायांतले मोजे भिजून काळे झाले होते. डब्यातली पोळी तशीच होती.

“भरतीने नेल्या असतील का गं?” तिने विचारलं. “सुपारी तरंगते का?”

“मला काय माहीत,” मी म्हटलं.

तेव्हा सांगता आलं असतं. पण गाडी येऊन गेली होती. खरं सांगून सुपाऱ्या मिळणार नव्हत्या, माझं तोंड मात्र काळं झालं असतं. म्हणून मी दुसरा तोडगा सुचवला. “इथे आपल्या लोकांचं वाण्याचं दुकान आहे. सात सुपाऱ्या घेऊ, दोरे बांधू. कोणाला कळणार आहे?”

आईने माझ्याकडे वर पाहिलं. मी परकी असावी तसं ते बघणं होतं.

“त्यांच्या हातात दुसऱ्याच बायका देऊ?” ती म्हणाली.

उरलेले दिवस ती कुठेही आली नाही. आम्ही दोघी एकाच विमानाने परत आलो. गणपतीच्या आधी, श्रावणातल्या एका रविवारी तिने मावंदं घातलं. काशीहून आलेली माणसं घालतात तसं जेवण. जाण्याआधीच तिने मजल्याला कबूल केलं होतं, तेव्हा ते टाळण्याचा विचारही तिने केला नाही. वडे केले, काळ्या वाटाण्याचं सांबार केलं, खीर केली. पानं मांडली, बायका बसल्या, काकीला आम्ही दोघींनी धरून आणून खुर्चीत बसवलं. मी वाढायला लागले तशी आई म्हणाली, “आधी माझं ऐका, मग जेवा.”

बायकांनी पानावरचे हात मागे घेतले.

“माझ्या हातून तुम्ही तिकडे राहिलात,” आई म्हणाली. “समुद्रावर. मी विसरले तुम्हाला.”

क्षणभर कुणाला समजलं नाही. मग एक जण म्हणाली, “बरं झालं, मला काय इकडे यायची घाई नव्हती,” आणि हशा पिकला. दुसरी म्हणाली, नवऱ्याच्या डब्यातून सुटले. हसण्यावारी जाईल असं वाटत होतं. काकीला नीट ऐकू आलं नव्हतं. ती आपला हात पुढे करून बसली होती, सुपारीसाठी. आईने तिच्यापाशी वाकून पुन्हा सांगितलं. काकीचा हात तसाच राहिला.

“माका थंय टाकून इलंस?” काकी म्हणाली. मला तिकडे टाकून आलीस? आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आता माका हाडूक कोण जातलो?”

आता मला आणायला कोण जाणार. त्यावर कुणी हसलं नाही. माझ्या हातात सांबाराचं पातेलं होतं. शांतता मला सोसली नाही, आणि आईला वाचवते आहे अशा आवाजात मी म्हटलं, “तिचा काही दोष नाही हो. हल्ली तिला लक्षातच राहत नाही. तिकडे गॅससुद्धा चालू ठेवायची.” सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली, आणि मी पुढच्या पानावर सांबार वाढलं. काकीने वड्याला हात लावला नाही.

पहिली चावी आठवड्याभरात गेली. “सुनेकडे ठेवते आता,” एक जण म्हणाली, “उगाच तुला त्रास.” दुसरी गणपतीत गेली. बोलणं सगळ्यांचं गोड होतं. आईला आराम पडावा म्हणूनच जणू सगळ्या चाव्या नेत होत्या. दुकानातही गॅसची गोष्ट पोचली. मालकाने वीस वर्षं कढईसमोर उभी असलेल्या माझ्या आईला भाजणीवरून काढलं आणि कोपऱ्यात मिरच्यांची देठं खुडायला बसवलं. त्या वर्षी मजल्यावर एकीच्या नवऱ्याची नोकरी गेली, एकीला साखर निघाली. असल्या गोष्टी आमच्याकडे दर वर्षी व्हायच्या. त्या वर्षी त्यांना कारण सापडलं.

काकी दिवसभर दाराशी खाट टाकून पडलेली असायची. जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगायची, “मी हंय नाय गो. मी थंयच रवलंय.” मी इथे नाहीच, मी तिकडेच राहिले. आई रोज तिच्यासाठी पेज न्यायची. काकी तोंड भिंतीकडे करायची. ज्या बाईने मला मांडीवर घेऊन वाढवलं ती इतकी कठोर होऊ शकते, याचं मला नवल वाटायचं. निदान मी नवल वाटल्याचं दाखवायचे.

आणि आई स्वतःवरच संशय घेऊ लागली. गॅस बंद केला की बटणाला तीन वेळा हात लावायची. जिना अर्धा उतरून परत वर यायची, कुलूप ओढून बघायची. काय काय करायचं ते पेनाने हातावर लिहायची. मी तोवर नोकरीला लागून दादरला भाड्याच्या घरात राहायला गेले होते. आईच्या घराची एक चावी माझ्या जुडग्यात असायची. रविवारी यायचे, फळं आणायचे, आणि तिला डॉक्टरकडे जाऊन दाखव म्हणून सांगायचे. हे मी सांगायचे.

दोन वर्षांनी काकी गेली. तिची बहीण ठाकूरद्वारहून आली. आई शेवटचं पाणी पाजायला पुढे झाली तर बहिणीने तिला उंबऱ्यातच अडवलं. “तू राहू दे,” ती म्हणाली. “तू नको शिवूस तिला.” आई गॅलरीत उभी राहिली, सगळं आटपेपर्यंत. खिळ्यावर तोवर एकच चावी उरली होती, काकीची, कारण काकी कुठे जात नसल्यामुळे ती परत मागायचं कुणाला सुचलं नव्हतं. संध्याकाळी बहिणीने ती मागून नेली.

हे सगळं असंच राहिलं असतं. मी कबुली दिली नसती. इतकी वर्षं दिली नव्हती, ती पुढेही दिली नसती.

या वर्षी एका रविवारी दुपारी आई जमिनीवर बसून मोड आलेले मूग सोलत होती आणि मी तिच्या बाजूला फोन बघत होते. त्या पुण्याच्या मुलीने आमच्या जुन्या ग्रुपवर काहीतरी पाठवलं होतं. बाबांच्या जुन्या फोनमध्ये सापडलं, तुझी आई किती गोड आहे गं, असं लिहून पुढे हसणारे चेहरे. मी बोट लावलं आणि समुद्राचा आवाज सुरू झाला. फोटो नव्हता. काका चित्रीकरण करत होते. “आता सगळ्यांनी हसा,” काकांचा आवाज आला.

“बघू,” आई म्हणाली.

मी फोन लपवायला गेले तर तिने ओल्या हाताने मनगट धरलं. फोन तिच्याकडे गेला. काकांनी हसण्यासाठी चालू केलेलं ते चित्रीकरण बंद करायला ते विसरले होते, किंवा मजा म्हणून चालूच ठेवलं होतं. कठड्यावर सात सुपाऱ्या, मागे पाणी. मग आईचा हात आला. “चल. तू चल. तू पण चल गं बाई,” असं म्हणत तिने एकेक उचलली. लाल दोऱ्याची शेवटी उचलली, फुंकर मारून तिची वाळू उडवली, बटव्यात टाकली. नाडी ओढली, बटवा कमरेला खोचला आणि वरून दोनदा थोपटला. कोपऱ्यात मी दिसत होते, समुद्राकडे तोंड फिरवून उभी.

आईने ते तीन वेळा पाहिलं. तिसऱ्यांदा थोपटण्यापाशी बोट ठेवून थांबवलं.

“मी खोचला होता,” ती म्हणाली.

“हो.”

“मग मी विसरले नव्हते.”

“नाही.”

“आणि तो गॅस?”

“मी ठेवला होता चालू.”

तिने फोन माझ्या हातात परत दिला. “मग त्या गेल्या कुठे?” तिने विचारलं. मी सांगितलं. कचऱ्याच्या डब्यात.

मला वाटलं, ती रडेल. मारेल असंही वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

“बरोबर काय होतं?” तिने विचारलं.

“कशाबरोबर?”

“डब्यात. त्यांच्या अंगावर काय होतं?”

मला आठवत होतं. अंड्यांची टरफलं, चहाचा गाळ, कोंबडीची हाडं. मी सांगितलं. तिने मान हलवली आणि उरलेले मूग सोलायला घेतले.

“मी सगळ्यांना सांगते,” मी म्हटलं. “आत्ता एकेका दारात जाऊन सांगते. तुझा काही दोष नव्हता म्हणून.”

“सांग,” आई म्हणाली. “काकीपासून सुरू कर.”

तिने मूग संपवले. साली गोळा केल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

“चावी दे.”

“कुठली?”

“ह्या घराची. तुझ्याकडे असते ती.”

जुडग्याची कडी घट्ट होती, माझं नख मोडलं. आईने घाई केली नाही. चावी घेऊन ती दाराशी गेली, हात वर करून ती खिळ्यावर अडकवली आणि मग दार माझ्यासाठी उघडून धरलं.

“आता येशील तेव्हा दार वाजव,” ती म्हणाली.

मी अजून दर रविवारी जाते. दार वाजवते. आतून भांड्यांचा आवाज येत असतो, रेडिओ लागलेला असतो. कधी ती उघडते. कधी उघडत नाही, तेव्हा मी फळांची पिशवी कडीला अडकवून गॅलरीतून परत निघते, आणि मजल्यावरच्या बायका मला काळजीने विचारतात, दार उघडायलाही विसरते का गं आता.